तायडेंचं पथक

चांगला अधिकारी कसा असावा, या विषयावर साहेब सव्वा तास बोलले. अमरावतीला आमच्या ऑफिसातच खात्याचं शिबिर होतं, आणि बढती मिळून वरच्या खुर्चीवर गेलेले आमचे जुने साहेब मुख्य पाहुणे म्हणून आले होते. हाताखालच्या माणसांना विश्वासात घ्यावं, यशाचं श्रेय त्यांना द्यावं, चूक झाली तर ती आपल्या अंगावर घ्यावी, असं ते एकेक बोट मोडत सांगत होते. पुढच्या रांगेतले नवे सुपरवायझर वह्यांमध्ये लिहून घेत होते. मी शेवटच्या रांगेत दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो होतो. नोकरीत टाळ्या वाजवायची सवय लागलेली असते, हात आपसूक उठतात.

साहेबांनी सांगितलेला शब्द न् शब्द खरा होता. तेच तर सहन होत नव्हतं. हे सगळं करणारा एक माणूस त्यांच्या हाताखाली होता, आणि त्यांनी त्याला संपवलं होतं. त्याच खोलीत, त्याच खिडकीखाली, मी सही केली होती.

त्या माणसाचं नाव किसन तायडे. साहेबांचं नाव मी लिहीत नाही. आमची नावं त्यांच्या कधी लक्षात राहिली नाहीत, त्यांचं मी का जपून ठेवू?

आम्ही देवीची लस टोचणारे. गावात आम्हाला ‘देवी डॉक्टर’ म्हणत, पण डॉक्टरकीशी आमचा संबंध खाकी पिशवीपुरता. मी मॅट्रिक होऊन लागलो तेव्हा पाच जणांच्या पथकात गेलो. तिवसा-मोझरीकडची गावं आमच्याकडे होती, आणि तायडे आमचे सुपरवायझर. उंच, सडपातळ, चालताना जरा पुढे वाकलेले. पहिल्या दिवशी मी त्यांना ‘साहेब’ म्हणालो तर म्हणाले, “साहेब हापिसात रायतात. मले तायडे म्हन, नाईतर भाऊ म्हन.” मी भाऊ म्हणायला लागलो.

त्यांच्या डाव्या दंडावर इतके गोल वण होते, की नवा माणूस बघून दचकायचा. नव्या गावात कोणी पोर पुढे करेना, की तायडे चावडीपुढे बाही वर सारून आधी स्वतःला टोचून घ्यायचे. दातेरी टोचणी दंडावर ठेवून फिरवायची, रक्ताचे बारीक थेंब यायचे, आणि हे समोरच्या बाईशी पाऊसपाण्याचं बोलत असायचे. एकदा आमच्या पथकातला रहीमभाई म्हणाला, “भाऊ, तुमच्या अंगात आता फकत लसच हाये, रगत उरलं नाई.” तायडे मोठ्यानं हसले. त्यांचं हसणं मोठं होतं आणि ते स्वतःवर हसायचे तेव्हा सर्वांत मोठं.

त्या वेळी लस पातळ यायची, काचेच्या बारीक नळीत. बर्फात राहिली तर जिवंत, ऊन लागलं की मेली. मेलेली लस दिसायला जिवंत लशीसारखीच. टोचली तरी कोणाला कळत नाही आणि वहीत आकडा तेवढाच पडतो. म्हणून नियम असा होता, की सातव्या दिवशी परत त्या गावात जायचं, पोराच्या दंडावर फोड उठला का बघायचा, नसेल तर पुन्हा टोचायचं. नियम कागदावर होता. आमच्या जिल्ह्यात तो पाळणारं पथक एकच होतं. इतर पथकं आम्हाला हसायची, “तायडेचे बैल एकाच वावरात दोनदा फिरतात” म्हणायची. तायडेंना सांगितलं तर म्हणायचे, “वहीले ताप येत नाई, पोट्ट्याले येते.” हे वाक्य त्यांच्या तोंडून मी किती वेळा ऐकलं, सांगता येणार नाही. सातव्या दिवसाच्या फेरीला सायकल मारून मारून आमच्या पोटऱ्या भरून यायच्या, पण ते स्वतः सगळ्यांत लांबचं गाव घ्यायचे, त्यामुळे कुरकुर करायला तोंड नसायचं.

माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट. फाल्गुन लागला होता, ऊन तापायला लागलं होतं. तिवश्याच्या अलीकडे एका खेड्यात सकाळपासून मी टोचत होतो. थर्मास बैलगाडीवर सावलीत ठेवला होता. गाडीवाल्यानं गाडी हलवली, सावली सरकली, माझं लक्ष नव्हतं. दुपारी झाकण उघडलं तर बर्फाचं कोमट पाणी झालेलं. कधी झालं, कोण जाणे. तोवर चाळीसेक पोरं टोचून झाली होती.

मी गप्प बसू शकलो असतो. पण शेजारच्या गल्लीत तायडे होते, आणि त्यांच्या समोर खोटं बोलायला जीभ वळत नसे. सांगितलं. त्यांनी नळ्या हातात घेतल्या, बोटानं चाचपल्या आणि सगळ्या मातीत पुरल्या. मला एक शब्द बोलले नाहीत. मग निघाले घरोघर. प्रत्येक दारात तेच, “बाई, माही चूक झाली. आज टोचलेलं वाया गेलं. परवा पुन्हा येतो, लेकराले घरी ठेवजा.”

एका घरी एक म्हातारी अंगावर धावून आली. “आमची लेकरं काय तुही जनावरं हायेत का रे, मेल्या? घडीघडी भोकसून रायला!” आणखी बरंच बोलली. जातही काढली. मी मागे उभा होतो. “आजी, चूक माझी आहे” एवढं म्हणायचं होतं. म्हणालो नाही. तायडे मान खाली घालून ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, “तुमचं बरोबर हाये, आजी. परवा येतो.”

परतताना गावाबाहेर सायकलवरून उतरले आणि मग मात्र मला असं झापलं, की ते चाळीस पोरांचे चेहरे पुढे कितीतरी दिवस माझ्या डोळ्यांसमोर होते. शेवटी म्हणाले, “उद्यापासून पुऱ्या पथकाचा थर्मास तुह्याजवळ. दुसऱ्या कोनाले हात लावू द्यायचा नाई.” मी म्हणालो, “भाऊ, मी तर आत्ताच चुकलो.” “म्हनूनच,” ते म्हणाले. “आता तुह्यापेक्षा जास्त कोन जपन त्याले?” आणि खरंच, त्या पथकात असेतो आमची एक नळी वाया गेली नाही.

साहेबांच्या व्याख्यानात हेही होतं. चुकलेल्या माणसावर जबाबदारी टाकावी म्हणे. नवे सुपरवायझर लिहून घेत होते.

दुसरी गोष्ट सांगायला मला अजून लाज वाटते, पण सांगितली पाहिजे. एका मोठ्या गावात आम्ही एका बड्या घराच्या ओसरीवर लस टोचत होतो. घरधनी चांगला होता, गावाला हाक मारून त्यानं पोरं गोळा केली. काम अर्ध्यावर आलं तेव्हा चहा आला. आम्हा चौघांना कपबशा, तायडेंना कान तुटलेला एक कप, तोही उंबऱ्याबाहेर ठेवलेला. तायडेंच्या घरानं धम्म घेऊन काही वर्षं झाली होती, पण गावाला त्याचं काय? गाव जुन्याच नावानं ओळखत होतं.

आमच्यात बाबाराव म्हणून एक जण होता, तिवश्याकडच्या जमीनवाल्या कुणब्याचा मुलगा, डोक्यानं गरम. त्यानं कपबशी खाली आपटली. “भाऊले हा कप कावून?” आयांनी पोरं मागे ओढली. घरधन्याचा चेहरा उतरला आणि मग कडक झाला.

तायडे उठले, कान तुटलेला कप उचलला, आणि उभ्यानं चहा पिऊन टाकला. “बाबाराव,” ते म्हणाले, “टोचनी घे. वीस लेकरं बाकी हायेत.” वीसच्या वीस टोचून झाली. गावाबाहेर आल्यावर बाबारावचा आवाज चिरकला होता, “तुमी प्यायले कसे भाऊ? फेकून द्यायचा होता त्याच्या अंगावर!” तायडे सायकल ढकलत चालत होते. मग म्हणाले, “तू बोललास ते मले बरं वाटलं. लय बरं वाटलं. पन मी कप फेकला असता, तर ते लेकरं घेऊन आत गेले असते. मंग देवी कोनाले आली असती? त्या मालकाले? त्याच्या घरातल्या दोन वर्साच्या पोरीले आली असती.”

त्या दिवशी मला वाटलं, केवढा मोठा माणूस. आजही वाटतं. पण आता आणखी एक वाटतं. दर वेळी किंमत यांनीच का भरायची? आम्ही चौघं होतो, सवर्ण दोन, मुसलमान एक, एक मी. आम्ही चौघांनी आपल्या कपबशा उचलून उंबऱ्याबाहेर जाऊन बसायला काय हरकत होती? काम काही थांबलं नसतं. हे आम्हाला सुचलं नाही, कारण अपमान गिळायचं काम त्यांनी झटकन स्वतःकडे घेतलं. आम्हाला सगळ्यातून वाचवायची त्यांना सवय होती, आणि आम्हाला वाचायची.

दर महिन्याला ऑफिसात बैठक असायची. साहेब आकडे वाचायचे. शेजारच्या पट्ट्यातल्या पथकाचे आकडे नेहमी शंभर टक्के. त्या पथकाचा सुपरवायझर साहेबांच्या घरी उठबस असलेला, इस्त्रीचे कपडे घालणारा. आमचे आकडे सत्तर, पंचाहत्तर, आणि वर ‘पुन्हा टोचले’ असा तायडेंनी स्वतः पट्टीनं आखलेला एक जास्तीचा रकाना.

“तायडे, हा रकाना कोणी मागितला तुम्हाला?”

“कोनी नाई, साहेब. पन तो नसला तर बाकीच्या आकड्याले अर्थ नाई.”

“तुम्हाला माणसं हाकता येत नाहीत. डोक्यावर बसवून ठेवली आहेत.” मग साहेब सगळ्यांकडे बघून हसले. “सवलतीनं जागा मिळते, पण काम थोडंच सवलतीनं जमतं?”

बैठकीत हशा झाला. मोठा नाही, पण झाला. तायडेंनी कागद घडी करून खिशात ठेवला. जागा त्यांना परीक्षेत पहिला नंबर येऊन मिळाली होती. हे त्या खोलीत निदान सहा जणांना माहीत होतं. सहातला एकही बोलला नाही.

आणि मग देवी आली. आमच्या गावांत नाही, त्या शंभर टक्केवाल्या पट्ट्यातल्या एका गावात. नाव लिहीत नाही, ती घरं अजून तिथे आहेत. वहीत त्या गावातलं पोर न् पोर टोचलेलं होतं. प्रत्यक्षात ते पथक गावच्या पाराशी थांबून, पोलीस पाटलाकडून पोरांची यादी उतरवून घेऊन परत गेलं होतं. त्यांना आता ते गाव झेपेना, म्हणून साहेबांनी आम्हाला पाठवलं.

तायडेंनी आम्हाला तिथे दहा दिवस राबवलं. आजारी घरांचा वेगळा भाग केला, बाजार बंद करायला लावला, घराघरांत शिरून टोचलं. शाळेच्या पडवीत आम्ही राहायचो. रोज सकाळी ते प्रत्येकाला दोन वाक्यांत काम सांगायचे, आणि संध्याकाळी प्रत्येकाचं पूर्ण ऐकून घ्यायचे, मध्ये न बोलता. रहीमभाईनं सुचवलं की मुसलमान वस्तीत बाया पडद्यामुळे पोरं बाहेर आणत नाहीत, तर त्याची बायको आणावी. तायडेंनी दुसऱ्या दिवशी तिला आणवलं, आणि साहेबांना पाठवलेल्या कागदात लिहिलं, ‘ही कल्पना शेख रहीम यांची.’ तरी तीन लेकरं गेली. त्यांतलं एक तायडेंच्या समोर गेलं. त्यांनी त्याच्या दंडाकडे पाहिलं. दंड कोरा होता. वण नाही, ओरखडा नाही. ते बाहेर येऊन पडवीच्या खांबाला टेकून उभे राहिले, आणि त्या एका दिवशी त्यांनी आम्हाला संध्याकाळचं काही विचारलं नाही.

देवी थांबली. अमरावतीला परतलो तेव्हा वाटलं होतं, निदान कोणी पाठीवर हात ठेवेल. टेबलावर आरोपपत्र होतं. ते गाव मागच्या वर्षापासून तायडे यांच्या पथकाकडे सोपवलेलं होतं, त्यांनी ते टोचलं नाही, खोटे आकडे दिले, असं त्यात लिहिलं होतं. साहेबांनी गावांची यादी काढून दाखवली. आमच्या यादीच्या शेवटी त्या गावाचं नाव घातलेलं होतं, ताज्या शाईत. वरची नावं फिकट निळी, हे एक काळंभोर. आंधळ्यालाही दिसलं असतं. साहेबांना दिसत नव्हतं.

आम्हा चौघांचे जबाब लिहून तयार होते. ‘सदर गाव आमच्या पथकाकडे होते. सुपरवायझरनी तेथे न जाण्यास सांगितले.’ खाली फक्त सही करायची. आम्ही सगळे हंगामी. साहेबांनी पेन पुढे ठेवलं आणि म्हणाले, “विचार करा. हंगाम संपतोय. पुढच्या यादीत नावं घ्यायची की नाही, ते मलाच ठरवायचं आहे.”

आम्ही बाहेर आलो. आवारात लिंबाखाली तायडे बसले होते. बाबाराव म्हणाला, “भाऊ, आमी सही नाई करत. चौघंबी नाई करत. वर अर्ज करू.”

तायडे उभे राहिले. “करा सही.”

“काय?”

“करा म्हनतो. तुही बायको दोन जिवांची हाये. याच्या बापाचे डोळे जाऊन रायले. तुमी चौघं गेले तर तुमच्या गावांत सातव्या दिवशी कोन जाईन? मी परमनंट हाये, मले काढू शकत नाईत, खाली उतरवतीन. उतरवू दे. हा माहा हुकूम समजा.” त्यांनी इतक्या दिवसांत ‘हुकूम’ हा शब्द पहिल्यांदा वापरला.

बाबारावनं रडत सही केली. दुसऱ्यानं केली. मी केली. माझं अक्षर चांगलं आहे, तेव्हाही चांगलं आलं.

रहीमभाईनं केली नाही. तायडेंनी त्याला बाजूला घेऊन खूप समजावलं. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, “भाऊ, तुमचं सगळं ऐकलं आजपावतो. हे नाई ऐकत.” पेन साहेबांच्या टेबलावर ठेवून तो निघून गेला. पुढच्या हंगामाच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. राजकमल चौकाच्या अलीकडे त्यानं सायकल दुरुस्तीचं दुकान घातलं. मी त्या रस्त्यानं जायचं टाळत असे.

तायडेंना पुन्हा साधा टोचणारा केलं आणि अकोल्याकडे पाठवलं. जायच्या दिवशी त्यांनी आम्हाला गावांचे नकाशे दिले, हातानं काढलेले, कुठल्या वस्तीत कोण ऐकतं, कोण नाही, सगळं लिहिलेलं. आमचा नवा सुपरवायझर म्हणून तो इस्त्रीवाला आला. त्यानं पहिल्याच बैठकीत ‘पुन्हा टोचले’ हा रकाना काढून टाकला, आणि आमचे आकडे शंभर टक्के झाले.

शिबिरातलं ते व्याख्यान संपलं, साहेबांना शाल दिली, फोटो निघाला. मी तसाच उठलो. पुढच्याच रविवारी अकोल्याची बस पकडली. मधे चार-पाच वर्षं गेली होती, मी एक पत्रही लिहिलेलं नव्हतं.

ते कापसाच्या एका जिनिंगच्या आवारात सापडले. बाहेरून आलेल्या मजुरांची लांब रांग होती, तायडे एका पेटीवर बसून टोचत होते. केस पांढरे झाले होते. त्यांचा सुपरवायझर त्यांच्या निम्म्या वयाचा होता, आणि दर थोड्या वेळानं जवळ येऊन हळूच काहीतरी विचारून जात होता. मला पाहून तायडे उठले आणि दोन्ही हातांनी माझे खांदे धरले. रांगेला “दहा मिनिट बसा बाप्पा” म्हणाले आणि मला कापसाच्या ढिगाच्या सावलीत घेऊन गेले. बाबारावला मुलगा झाला की मुलगी? माझ्या वडिलांचे डोळे कसे आहेत? सगळं विचारलं. ऑफिसचं काही विचारलं नाही.

मी साहेबांच्या व्याख्यानाचं सांगितलं. ते हसले, पूर्वीसारखं मोठ्यानं नाही. “बोलू दे,” म्हणाले. “लिहून घेनाऱ्यातला एखादा तरी खरं समजन.”

मला ते हसणं सहन झालं नाही. “भाऊ, मी सही करायला नको होती.”

“मी सांगतलं म्हनून केली तू.”

“रहीमभाईला पण तुम्हीच सांगितलं होतं.”

आत इंजिनाचा आवाज चालू होता. कापूस उडून तायडेंच्या बाहीवर बसत होता, ते तो एकेक वेचून काढत राहिले. मला वाटलं, ते नेहमीसारखं मला वाचवतील, जाऊ दे म्हणतील. मला तेच हवं होतं, त्यासाठीच मी एवढ्या लांब आलो होतो.

“रहीमचं बरोबर होतं,” ते म्हणाले. “तुमाले वाचवावं म्हनून मी सांगतलं. पन तुमाले उभं रायचं होतं, अन् मीच बसवलं. ते मी चुकलो.” मग माझ्याकडे सरळ पाहिलं. “अन् तूबी चुकलास. नाई म्हनायले पाहिजे होतं तुनं.”

मी मान हलवली.

“अमरावतीले गेला की रहीमच्या दुकानात जाजो,” ते म्हणाले. “माहं नाव सांगू नको. तुहं सांग.”

तेवढ्यात सुपरवायझर पोरगा जवळ आला. “तायडेकाका, रांग तुटून रायली.” तायडे उठले, कपडे झटकले, आणि “आलो साहेब” म्हणाले. त्या पोराला साहेब म्हणताना त्यांच्या आवाजात कसलाच कडवटपणा नव्हता. माझ्या तोंडात मात्र कडू चव आली. फाटकाशी पोचून मी मागे पाहिलं. एक मजूर बाई पोराला छातीशी घट्ट धरून मागे सरकत होती. तायडे तिच्यापुढे उकिडवे बसले होते आणि तिला काही न म्हणता, त्या पोराशी काहीतरी बोलत होते.